काशिरामची दोरी आणि मैदानाची चावी

काशिराम पहाटे चारला उठतो. आधी मैदानाचं फाटक उघडतो, मग चालत पनवेलच्या एसटी स्टँडला जातो आणि उरणची गाडी धरतो. करंज्याच्या बंदरावर त्याचं काम असतं. बोटी धक्क्याला लागतात, खलाशी फाटकी जाळी खाली टाकतात आणि हा ऊन चढायच्या आत ती शिवून देतो. दुपारी परत येतो. पाठीला पिशवी, पिशवीत सुई आणि दोरा.

मला हे माहीत आहे, कारण मीही त्याच वेळी जागा असतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी म्हणून माझा जन्म गेला. काम सुटलं, पण डोळा तेव्हाच उघडतो. ओट्यावर बसतो आणि कोण कुठे चाललंय ते बघतो. संशय घ्यायची सवय तिकडचीच आहे. लोखंडाची प्लेट उचलताना जो साखळीवर डोळे झाकून भरवसा ठेवतो, त्याचा पाय जातो.

काशिराम तरुणपणी बोटीवर होता. जाळं ओढायच्या यंत्रात दोन बोटं गेली, तेव्हापासून जाळी शिवतो. उरलेल्या बोटांनी तो जेवढं काम करतो तेवढं आमच्या टोळीतले धडधाकट गडीही करत नसत. बोलत मात्र नाही. कोणावर विश्वास ठेवत नाही. लिलावात मासळीची पाटी दोनदा तराजूवर ठेवायला लावतो, ती त्याची नसली तरी. वरचे दात पडलेत. भाकरी चहात बुडवून खातो. स्टँडजवळच्या दाताच्या डॉक्टरकडे कवळीचं माप देऊन आला होता. दिवाळी झाली की बसवायची, असं त्याची बायको दमयंती मासळी विकता विकता साऱ्या पाड्याला सांगत होती.

आता मैदानाचं सांगतो. आमच्या पाड्याला एवढी एकच मोकळी जागा उरली आहे. पूर्वी तिथे भाताचं खळं होतं. आता चारी बाजूंनी इमारती आहेत. सातबारावर नाव कोणाचं, यावर दोन म्हातारे भेटले की भांडण होतं. म्हणून पाड्याच्या मंडळानं भिंत घातली, फाटक लावलं आणि चावी काशिरामकडे दिली. सर्वांत आधी उठतो आणि कोणाला भुलत नाही, म्हणून. चावी त्याच्या कमरेच्या करगोट्याला असते. पाड्यात याहून मोठा मान नाही.

त्या वर्षी, म्हणजे कतारला फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला त्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका पहाटे मी त्याला मैदानात बघितलं. फाटक उघडून तो नेहमी निघून जातो. त्या दिवशी आत होता. हातात दोरी. गोलाच्या एका खांबाला त्यानं दोरी बांधली, दुसऱ्या खांबापर्यंत ताणली आणि गाठ मारली. मग खांबापासून मागे भिंतीकडे चालत गेला. पुन्हा गाठ.

आमच्याकडे जमिनीवर दोरी टाकणारा माणूस दिसला की लोक काम टाकून बघायला येतात. आधी दोरी येते. मग चुन्याची रेघ, मग खुंट्या, मग पत्रे. मग एक सिक्युरिटीवाला उभा राहतो आणि आपल्यालाच विचारतो, कुठे चाललात म्हणून.

मी फाटकात गेलो. "काय रं काशिराम, काय मोजतंस?"

त्यानं दोरी पिशवीत कोंबली. "काय नाय. असाच."

"असाच कोनी मोजतो का?"

"गाडी चुकंल माजी," म्हणाला आणि गेला.

मी कोणाला बोललो नाही. पण मनातून गेलं नाही.

त्याच्या नातीची गोष्ट इथेच सांगायला हवी. सई तिचं नाव. कॉलेजात जाते, मुलींच्या संघात फुटबॉल खेळते. धावते चांगली. मी उगाच कोणाला चांगलं म्हणत नाही. त्या पहाटेच्या थोडं आधी, दिवाळीनंतर, आमच्या मैदानावर पलीकडच्या कॉलनीतल्या मुलींशी सामना होता. सईनं मारलेला चेंडू खांबाच्या आतून गेला आणि भिंतीजवळच्या झुडपात पडला. आमच्या गोलांना जाळी नव्हती, नुसते लोखंडी पाइप. कॉलनीवाले म्हणाले, बाहेरून गेला. पंच होता मैदानाच्या मध्यावर. त्यानं गोल दिला नाही. काशिराम खांबाजवळ उभा होता. तो ओरडून सांगत होता, आतून गेला, मी बघितलाय. पण आमच्याच मंडळाचा जगन म्हणाला, "दादा, तू तिचा आजा. तुझं कोन धरनार?"

आम्ही हरलो. सईनं घरी जाऊन बूट खिळ्याला अडकवले. परतीचा सामना सत्तावीस तारखेच्या रविवारी होता. ती म्हणाली, मी येणार नाही.

"मारलेला दिसत नसेल कोनाला, तर मारायचा कशाला?" हे तिचे शब्द. दमयंतीनं मला सांगितले.

जगन कोण ते सांगतो. आमच्यातलाच. बापाची जमीन गेली, त्या पैशावर यानं जागांच्या दलालीचं ऑफिस टाकलं. मंडळाचा अध्यक्ष आहे. हात सढळ आहे आणि प्रत्येक बॅनरवर फोटो आहे. वर्ल्ड कपासाठी मंडळाच्या खोलीत मोठा टीव्ही त्यानंच लावला. आम्हाला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. चार वर्षांतून एकदा बघतो आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच सगळं कळतं.

सोमवारी संध्याकाळी इंग्लंड आणि इराणचा सामना होता. आम्ही जमलो आणि काशिराम आला. क्रिकेटच्या फायनलला न आलेला माणूस. सतरंजीवर सर्वांत पुढे, टीव्हीच्या तोंडाशी बसला.

"दादा, डोकं आड येतंय," जगन म्हणाला.

काशिराम खाली वाकला, पण मागे सरकला नाही.

इंग्लंडनं गोल केला. त्यानं मांडीवर थाप मारली. इंग्लंडनं आणखी केले. त्याची मान हलत होती. मग इराणनं गोल केला आणि यानं तेवढ्याच जोरात थाप मारली.

"अरे, तू नक्की कुनाच्या बाजूचा?" जगननं विचारलं.

"कुनाच्या नाय."

"मग खुश कशाला होतंस?"

"आत गेला ना," काशिराम म्हणाला.

त्या सामन्यात आठ गोल झाले आणि हा आठही वेळा खुश झाला. खेळाडू काय करतात याकडे त्याचं लक्षच नव्हतं. चेंडू मध्यावर असला की खाली बघून बोटांवर काही मोजायचा. गोलाकडे गेला की पुढे झुकायचा. गोल झाला, सगळे नाचत आहेत, पडद्यावर खेळाडू मिठ्या मारत आहेत, आणि हा कपाळाला आठ्या घालून कोपऱ्यात काहीतरी बघतोय. कोणीही जिंकलं तरी ज्याचा फायदा, अशा माणसाची मला भीती वाटते. माझ्या शेजारी कोणीतरी हळूच म्हणालं, "सट्टा लावलाय म्हाताऱ्यानं."

मला सट्टा पटला नाही. सट्टा लावणारा घामाघूम होतो. हा काम करणाऱ्या माणसासारखा बघत होता.

मंगळवारी दुपारी अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया. जगन निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून आला. भज्यांची ताटं मागवली होती. अर्जेंटिना जिंकणार, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. काशिराम करंज्याहून थेट आला, अंगाला मासळीचा वास, पिशवी मांडीवर.

पहिला गोल लवकर झाला. जगननं साऱ्यांना भजी वाटली. मग चेंडू पुन्हा आत गेला आणि गोल रद्द झाला. मग आणखी एकदा. मग आणखी एकदा. तीन वेळा चेंडू आत आणि तीन वेळा गोल नाही.

तिसऱ्या वेळी काशिराम उठून उभा राहिला. मी त्याला इतका चिडलेला कधी बघितला नव्हता. "ह्यो पन नाय? आत पडलाय! आक्क्या दुनियेनं बगितलाय!"

"ऑफसाइड हाय, दादा. बस खाली."

"आत पडलाय ना पन?"

"पडला म्हनून काय झाला? मानूस पुढं होता."

"मानूस कुटं पन असंल. चेंडू कुटं हाय ते बगा ना!"

सगळे हसले. तो बसला, पण धुसफुसत होता. दुसऱ्या डावात सौदीनं लागोपाठ दोन गोल केले. खोलीत एकच आवाज, मांडीवरच्या थापेचा. एवढंच नाही, हा गुडघ्यावर सरकत पुढे गेला आणि पडद्याला बोट लावलं, गोलाच्या मागच्या बाजूला, आणि बोट खालपर्यंत नेलं.

"हात काड!" जगन ओरडला. "नवा टीव्ही हाय!"

अर्जेंटिना हरली. एवढ्या मोठ्या संघातले काही गडी मैदानात चालत होते. आमच्या टोळीत असते तर मुकादमानं दुपारीच घरी पाठवले असते. पण जगनला राग खेळाडूंचा आला नाही, काशिरामचा आला. तो निघून गेल्यावर जगन म्हणाला, "ह्या मानसाचा काय तरी चाललाय. परवा पहाटे मैदानात दोरी घेऊन फिरत होता म्हनं."

मी चमकलो. "तुला कोणी सांगितलं?"

"कळतं मला. गणूभाऊ, तुमी पन बगितलाय ना? खोटं बोलू नका."

मी हो म्हणालो. बघितलं ते बघितलं. लगेच चर्चा सुरू झाली. कोणीतरी बिल्डरनं म्हाताऱ्याला गाठलं असणार. चावी त्याच्याकडे, पहाटे बघायला कोणी नाही. ठरलं असं, की रविवारी सामन्याआधी सगळ्यांनी मैदानावर जमायचं आणि काशिरामकडून चावी काढून घ्यायची. तोवर मी त्याच्यावर नजर ठेवायची.

त्याच संध्याकाळी डेन्मार्क आणि ट्युनिशियाचा सामना झाला. काशिराम परत आला होता. पूर्ण वेळ गेला आणि एकही गोल झाला नाही. तो उठून पिशवी झटकत म्हणाला, "फुकट गेला दिवस." हे ऐकून सट्टा लावलाय म्हणणाऱ्यांना पुरावा मिळाला.

बुधवारी दुपारी मी स्टँडवर थांबलो. तो गाडीतून उतरला, पण पाड्याकडे वळला नाही. बाजारात मितेशभाईच्या दुकानात शिरला. मितेशभाई दोर, साखळ्या, कड्या विकतो. काशिराम बाहेर आला तेव्हा खांद्यावर जाड पांढऱ्या दोरीचं भेंडोळं होतं आणि हातात लोखंडी खुंट्यांची मोळी. पांढरी दोरी आणि खुंट्या. प्लॉट पाडायला दुसरं काही लागत नाही.

तो दिसेनासा झाल्यावर मी दुकानात गेलो. "मितेशभाई, म्हातारा काय काय घेऊन गेला?"

"गणूकाका, धंद्यात गिऱ्हाइकाचं बोलायचं नसतं."

"मी पण गिऱ्हाईकच आहे."

"तुम्ही मागच्या वर्षी एक कडी नेली होती."

"मग?"

"ती परत आणून दिलीत."

"कशाला लागते म्हणाला दोरी?"

"ते सांगू नको म्हणालेत. खास करून तुम्हाला."

याचा अर्थ त्याला कळलं होतं की मी मागावर आहे. तरी तो थांबला नव्हता.

गुरुवारी मी त्याच्या घरी गेलो. दार लोटलेलं. दमयंती उंबऱ्यात सुकटीची टोपली घेऊन बसली होती, अशी की आत जायला वाट राहू नये.

"वैनी, काशिराम हाय का?"

"नाय."

"मग आत कोन हाय?"

"मांजर."

"मांजर खोकतंय, वैनी."

"म्हातारा झालाय तो पन." तिनं टोपली पुढे केली. "सुकट घेनार हाव का, भावजी? नाय तर उन्हात उभं राहू नका, अंधारी येल."

मी सुकट घेतली. आतून सरसर आवाज येत होता. काहीतरी ओढल्याचा, फरशीवरून.

रविवारी पहाटे ओट्यावर बसलो. तो चारला बाहेर पडला, खांद्यावर एक मोठं गाठोडं. फाटक उघडलं, आत गेला आणि आतून कडी घातली. उरणची गाडी गेली, तो गेला नाही. काशिरामनं कामाचा खाडा केला होता. इतक्या वर्षांत तापात असतानाही तो गेला होता. मग मला शंका उरली नाही. मी जगनला उठवलं.

उजाडता उजाडता पाच-सहा जण फाटकावर जमलो. आतून खुंटी ठोकल्याचा आवाज येत होता. जगननं फाटक धडाधड वाजवलं. "दादा, उघड! चावी दे आन् भाईर ये! मंडळाचा ठराव झालाय."

आवाज थांबला नाही. आणखी एक खुंटी ठोकली गेली. काम अर्धं टाकून येणारा तो माणूस नव्हे. मग चप्पल घासत तो आला, कडी काढली. करगोट्याची चावी सोडून त्यानं तळहातावर धरली. "चावी पायजेल ना? घ्या. पन आधी आत या."

आम्ही आत गेलो.

दोन्ही गोलांना जाळी लागली होती. पांढरी, नवी, हातानं विणलेली. पाइपाला पांढऱ्या दोरीनं घट्ट आवळलेली, बाजूनं खुंट्या. मी गाठी ओढून बघितल्या. एकही सरकली नाही. पण जाळ्याचा आकार वेगळा होता. टीव्हीवर गोलाचं जाळं मागे सरळ पडतं. हे मागे निमुळतं होत गेलं होतं. तोंड गोलाएवढं, मग अरुंद, आणखी अरुंद, आणि शेवटी शेपटासारखी पिशवी, तिला गाठ मारून मागच्या खुंटीला ताणलेली. कोळ्यांचं डोल जाळं समुद्रात असं लावतात. आत शिरलेली मासळी शेपटात जमते आणि गाठ सोडल्याशिवाय बाहेर पडत नाही.

मग जगन हसायला लागला. "दादा, ह्यात पापलेट पडनार का बोंबील?"

"टीव्हीत इतके दिवस बगितलंस, तसं का नाही केलंस?" मी विचारलं.

"बगितला म्हनून तर न्हाय केला," काशिराम म्हणाला. "तेंचा चेंडू आत जातो आन् गडगडत परत भाईर येतो. मासा आत शिरला आन् भाईर आला, तर ते कसला जाळा? उद्या कोन बी म्हनंल, आत गेलाच नव्हता."

"अरे पण सांगायचंस तरी," मी म्हणालो. "आम्ही वर्गणी काढली असती."

"तेच. तुमी वर्गनी काडली असती, मीटिंगा केल्या असत्या. पावसाळ्यात जाळा आला असता. आन् वर जगनचा फोटू."

आता जगन हसला नाही. काशिरामचा हात अजून पुढेच होता, तळहातावर चावी. "घेनार का नाय? हात दुकतो माजा."

जगननं माझ्याकडे बघितलं. मी जाळ्याकडे. बाकीच्यांनी आपापल्या चपलांकडे. थोड्या वेळानं काशिरामनं चावी परत करगोट्याला बांधली आणि उरलेली खुंटी ठोकायला गेला. ठराव तिथेच राहिला.

सामन्याला दमयंतीनं सईला दंडाला धरून आणलं. बूट दमयंतीच्याच हातात होते. सईनं जाळं बघितलं. आजाकडे बघितलं. "ह्ये काय केलंस, आजोबा?" म्हणाली आणि खाली बसून बूट चढवले.

पहिला गोल कॉलनीवाल्यांनी केला. चेंडू आत गेला, घसरत घसरत शेपटात जाऊन अडकला. आमची गोलकीपर मुलगी तो काढायला आत शिरली आणि तीही अडकली. लोकांची हसून पुरेवाट. काशिराम शांतपणे मागे गेला, गाठ सोडली, चेंडू काढून दिला, गाठ पुन्हा मारली. पंच वैतागला. "आजोबा, प्रत्येक वेळी असंच करणार का?"

"तुमी खेळवा," काशिराम म्हणाला. "मी हाय हितं."

उत्तरार्धात सईनं मारला. खांबाला लागून, खाली, गेल्या वेळेसारखाच. कॉलनीतल्या दोन मुलींनी सवयीनं हात वर केले, बाहेर, बाहेर. पंचानं शिट्टी तोंडाला लावली आणि थांबला. चेंडू शेपटात लोंबत होता.

पंच मध्याकडे वळणार तोच काशिराम ओरडला, "ओ सायेब, जाऊ नका! आधी हिकडं या. हात लावून बगा."

"दिसतोय, आजोबा. गोल आहे."

"दिसतोय नको. हात लावा. त्या पोरींना पन बोलवा."

पंच खरंच आला. चेंडूला हात लावला. त्या दोन मुलींनीही लावला, हसत हसत. मग म्हाताऱ्यानं गाठ सोडली. सई कमरेवर हात ठेवून उभी होती, तोंड लाल झालेलं. सामना बरोबरीत सुटला. आमच्या मुलींनी आणखी मेहनत घेतली असती तर जिंकल्या असत्या. शेवटी शेवटी पाय ओढत होत्या. सई नाही.

जगननं त्याच आठवड्यात बॅनर लावला. जाळ्याचा फोटो आणि त्याचा स्वतःचा. पहाटेच्या दोरीची गोष्ट जगननं काढली, त्याआधी मी ती कोणालाच सांगितली नव्हती. मग त्या पहाटे मैदानावर त्याचा कोण माणूस लक्ष ठेवून होता, आणि कशासाठी, हे मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याचा फोन वाजला. मी अजून ओट्यावर बसतो.

काही दिवसांनी काशिराम उन्हात चहा घेऊन बसला होता, चहात भाकरी बुडवलेली. मी म्हणालो, "दिवाळी कधीच झाली. कवळी कुठे आहे?"

त्यानं भाकरीचा मऊ तुकडा तोंडात टाकला आणि मान मैदानाकडे वळवली. डॉक्टरकडे त्याच्या हिरड्यांचं माप अजून पडून असेल. कवळीसाठी करंज्याच्या धक्क्यावर जाळी शिवून साठवलेली मजुरी त्या दोन जाळ्यांच्या दोऱ्यात आणि खुंट्यांत गेली आहे.